सांडपाण्याची साक्ष

जेवणानंतरची बैठक लावू नका, असं जनार्दनराव इंगवले दर वेळी सांगत आणि दर वेळी ती जेवणानंतरच लागत असे. सार्वजनिक सुव्यवस्था आणि अंमली पदार्थ यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या विधिमंडळ समितीचे ते प्रमुख होते. आता त्यांनी सांगणंही सोडलं होतं. पत्नी, सुलभा, गेल्यापासून त्यांना बैठका बऱ्या वाटत. मुंबईच्या खोलीत किंवा नांदगिऱ्याच्या घरी चहा प्यावासा वाटला की कुणाला सांगायचा हा प्रश्न पडे. इथं शिपाई न सांगता आणून ठेवी.

त्या दिवशी साक्षीदाराच्या खुर्चीत डॉ. केतकी नाबर बसल्या होत्या. शपथ घेऊन झाली होती. बाई बोलत होत्या ते तसं सोपं होतं. माणूस नशा करतो किंवा औषध घेतो, तेव्हा तो पदार्थ जसाच्या तसा बाहेर पडत नाही. यकृत त्याचे तुकडे करतं आणि प्रत्येक पदार्थाचे तुकडे ठरलेल्या आकाराचे असतात. ते लघवीवाटे गटारात जातात. पूर्वी शहराच्या सांडपाणी प्रकल्पावरून बाटलीभर पाणी घेऊन सगळ्या शहराचा मिळून अंदाज बांधत. कुठल्या घरात काय चाललंय ते कळत नसे, कारण सगळ्यांचं पाणी एकत्र झालेलं असे. डॉ. नाबर यांच्या प्रयोगशाळेनं नाण्याएवढी तबकडी बनवली होती. तिच्यावर डोळ्यांना न दिसणारे खड्डे होते, एकेक खड्डा एकेका तुकड्याच्या मापाचा. तुकडा वाहत येऊन आपल्या खड्ड्यात बसला की तबकडीतली वीज किंचित बदले आणि तसा संदेश जाई. तबकडी स्वस्त होती. त्यामुळे प्रत्येक घराचं पाणी जिथं गल्लीच्या गटाराला मिळतं, त्या चेंबरच्या झाकणाखाली ती बसवता येत होती. लोक तिला नाकाडं म्हणू लागले होते.

चंद्रपूरकडच्या आमदार कुंदाताई बोरकुटे यांनी विचारलं, कुणी पोलिसांना भिऊन पुडी संडासात ओतली तर घरातले सगळेच अडकतील का. डॉ. नाबर म्हणाल्या, नाही. शरीरातून न गेलेल्या पदार्थाचे तुकडे झालेले नसतात, तबकडीला फरक कळतो. मग एखाद्या पेशंटला दवाखान्यातलं मॉर्फिन चालू असेल तर, असा पुढचा प्रश्न आला. त्याचंही उत्तर तयार होतं. कच्च्या अफूत मेकोनिक नावाचं एक आम्ल असतं. कारखान्यात औषध बनवताना ते निघून जातं. ते पाण्यात सापडलं तर समजायचं की ही औषधाची गोळी नाही, चोरून आणलेली अफू आहे.

विरोधी पक्षाचे इलियास मुजावर टेबलावर कोपरं टेकून म्हणाले, "मॅडम, एवढी कृपा करा, आमदार निवासाच्या गटारात तेवढं नाकाडं बसवू नका. सरकार पडेल, आणि आमचंही यायचं राहील."

सगळे हसले. जनार्दनरावही हसले. मग पोलिसांचे वरिष्ठ अधिकारी सतेज काळभोर यांनी पडद्यावर आलेख लावले. वर्षभराचा प्रयोग नांदगिरे गावात झाला होता, म्हणजे जनार्दनरावांच्याच मतदारसंघात. दुसरं कुठलंही गाव तयार होईना, तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं की माझ्या गावापासून सुरू करा, माझ्या गल्लीपासून करा, म्हणजे कुणाला बोलायला जागा राहणार नाही. पाडव्याला पत्रकार बोलावून, चेंबरच्या झाकणावर नारळ फोडून पहिली तबकडी त्यांनी आपल्या कुंपणाबाहेर स्वतःच्या हातानं बसवली होती. बसवणारा पोरगा फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणाला होता, साहेब, हिचा नंबर एक.

कोणत्या नंबरचं घर कोणतं, ती माहिती न्यायालयात सीलबंद होती. पडद्यावर फक्त नंबर होते. काळभोर एकेक आलेख दाखवत सांगत होते की पोलीस पथकाची गाडी गल्लीत फिरू लागली तसे लोक कसे सुधारले.

"हा सर्वांत बोलका नमुना. चेंबर क्रमांक एक. कच्ची अफू. मे महिन्यात सुरुवात, मग रेघ रोज थोडी थोडी वर. माणूस पुरता गुंतत चालला होता. आणि बघा, घटस्थापनेच्या दिवशी रेघ तुटली. पुन्हा कधी वर आलीच नाही. त्याच आठवड्यात आम्ही गस्त वाढवली होती. याला म्हणतात धाक."

सुलभा घटस्थापनेच्या पहाटे गेली होती.

जनार्दनरावांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. शेजारी कुंदाताई काहीतरी लिहून घेत होत्या. त्या स्मशानात आल्या होत्या, पण तिथी त्यांच्या लक्षात राहायचं कारण नव्हतं. पुढचे आलेख आले आणि गेले. शेवटी काळभोरांनी मसुद्यातलं कलम नऊ वाचून दाखवलं. तबकडीचा संदेश मिळाला की वॉरंट न काढता घराची झडती घेता येईल. पदार्थ घरमालकाच्या संमतीनं आला असं गृहीत धरलं जाईल आणि आपला संबंध नाही हे त्यानं सिद्ध करायचं. प्रयोगाच्या वर्षातली माहितीही ग्राह्य धरून सीलबंद नंबर उघडण्यात येतील. समितीनं शिफारस केली की अधिवेशनात विधेयक येणार होतं.

बैठक संपल्यावर जनार्दनरावांनी डॉ. नाबर यांना व्हरांड्यात गाठलं. चेंबर एकचा माणूस नशेसाठीच घेत होता हे कशावरून, असं विचारलं.

बाईंनी पर्स एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली. चैनीसाठी घेणाऱ्याची रेघ शनिवार-रविवारी उसळते, त्या म्हणाल्या. ही रेघ वारबिर काही बघत नव्हती. सणालाही तेवढीच, सोमवारीही तेवढीच, आणि हळूहळू वाढणारी. त्यांना स्वतःला ती दुखण्याची रेघ वाटली होती. पण तबकडीला शरीरात काय गेलं ते कळतं. का गेलं ते कळत नाही.

"मग साक्षीत हे बोलला का नाहीत?"

"विचारलं नाही कुणी," डॉ. नाबर म्हणाल्या. "तुमच्या कार्यालयानंच सांगितलं होतं, समितीपुढं विचारलं तेवढंच बोलायचं."

ते खरं होतं. तशीच पद्धत होती.

शनिवारी ते नांदगिऱ्याला गेले. मुलगी रेवती तिथल्याच कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत होती आणि दोन गल्ल्या पलीकडे नवरा-मुलासह राहत होती. आईच्या आजारपणात ती इकडेच राहायला आली होती. जनार्दनराव तेव्हा आठवड्याचे चार दिवस मुंबईत असत. ती डबा घेऊन आली. त्यांनी डबा उघडला नाही. पडद्यावर काय पाहिलं ते सांगितलं, आवाज न चढवता, एखाद्या तिसऱ्याच घराची गोष्ट सांगावी तसं.

रेवतीनं नाकारलं नाही. ती ताटात भाजी वाढत राहिली.

कॅन्सर मणक्यात उतरला तेव्हा डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, ती म्हणाली. पण तालुक्यात त्या कुणी ठेवतच नव्हतं. मागच्या समितीनं साठ्याचे नियम इतके कडक केले होते की छोट्या दवाखान्यांनी परवानेच परत केले. जिल्ह्याला जावं तर आठवड्यापुरत्याच मिळायच्या, त्याही कधी असायच्या, कधी नसायच्या. संपल्या की आई उशी दातात धरायची, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. मग एकदा आईनंच सांगितलं. तिची आजी खुरपायला जाताना तान्ह्या पोरांना अफूचा कण चाटवून झोपवायची. आईच म्हणाली, बघ गं कुठं मिळते का.

"आणि तुला मिळाली."

"हायवेच्या ढाब्यावर. राजस्थानचे ड्रायव्हर आणतात. स्कूटरवर जायचे कॉलेज सुटल्यावर."

जनार्दनरावांना डोळ्यांसमोर ते आणता येईना. रेवती, जी लहानपणी रस्ता ओलांडताना त्यांचं बोट सोडत नसे, ती ट्रकच्या रांगेत उभी आहे.

"मला एक फोन केला असतास, तर मुंबईहून वाटेल तेवढ्या गोळ्या आणल्या असत्या मी."

"आणल्या असत्यात. एकदा आणल्या असत्यात, मग दुसऱ्यांदा कुणीतरी म्हटलं असतं, आमदारांच्या बायकोला मिळतात, आमच्या बापाला नाहीत. आईला ते नको होतं." रेवतीनं चमचा खाली ठेवला. "अफूचं तर बोलूच नको म्हणाली. शपथ घातली. म्हणाली, ह्यांना कळलं तर ह्यांना एकतर खोटं बोलावं लागेल, नाहीतर मला दुखताना बघावं लागेल. दोन्ही ह्यांच्यानं व्हायचं नाही."

बायको जाऊन इतके महिने झाल्यावर तिचं एक नवं वाक्य ऐकायला मिळालं होतं, आणि ते हे होतं.

मग त्यांनी तिला कलम नऊ समजावलं. नंबर उघडले की पोलीस त्यांच्याकडे येतील, आणि दोन प्रश्नांत तिच्यापर्यंत पोचतील. आणून देणं हा घेण्यापेक्षा मोठा गुन्हा. तिची नोकरी जाईल, कदाचित त्याहून जास्त. पण त्यावर उपाय होता आणि तो सोपा होता. मसुद्यात 'कायदा लागू झाल्याच्या तारखेपासून' एवढे शब्द घातले की मागचं वर्ष बाहेर पडत होतं. ते प्रमुख होते, मसुद्यावर शेवटचा हात त्यांचाच फिरायचा. कुणाला काही वाटलंही नसतं.

"घाला मग," रेवती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "पण ढाब्यावर मी एकटी नसायचे, अण्णा. एसटीतला एक कंडक्टर यायचा, वडलांसाठी. त्याचे वडील अजून आहेत."

पोराचा क्लास सुटायची वेळ झाली म्हणून ती उठून गेली.

रविवारी दिवसभर ते मसुदा घेऊन बसले. ते शब्द त्यांनी एकदा घातले आणि वाचून पाहिले. वाक्य चांगलं झालं होतं. रेवती सुटत होती. कंडक्टर अडकत होता आणि त्याच्यासारखे आणखी किती, ते कुणाला ठाऊक. कलमच काढून टाकावं तर ते प्रमुखाच्या एकट्याच्या हातात नव्हतं. अहवाल एकमतानं द्यायचा ही समितीची रीत. पक्षाला कलम हवं होतं, सदस्यांना ते पटलं होतं, आणि चेंबर क्रमांक एकचा आलेख पाहूनच पटलं होतं. तो आलेख म्हणजे काय हे नांदगिऱ्यातली फक्त दोन माणसं जाणत होती. त्यांना फार थकल्यासारखं वाटलं. सुलभाला विचारावं असं आलं मनात आणि तसंच गेलं. त्यांनी घातलेले शब्द खोडले.

मंगळवारी समिती अहवाल स्वीकारायला बसली. काळभोर आणि डॉ. नाबर भिंतीलगत बसले होते. कलम आठपर्यंत कुणी मान वर केली नाही. नऊ पुकारल्यावर जनार्दनराव उभे राहिले. कुंदाताई ज्येष्ठ सदस्य, त्यांनी माझ्या जागी बसावं, असं म्हणाले. कुंदाताईंना वाटलं, यांना बरं वाटत नाहीये. त्या खुर्चीत येऊन बसल्या. जनार्दनराव टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले आणि साक्षीदाराच्या खुर्चीत बसले.

"मला शपथ द्या," ते समितीच्या सचिवांना म्हणाले.

सचिव गोंधळले. प्रमुखानं आपल्याच समितीपुढं साक्ष दिल्याचा दाखला नाही, असं ते हळू आवाजात कुंदाताईंना सांगू लागले. इलियास म्हणाले, नाही तर आता होईल, द्या शपथ, माणूस मागतोय तर.

शपथ झाली. जनार्दनरावांनी सांगितलं ते थोडक्यात होतं. चेंबर क्रमांक एक माझ्या घराचं. अफू माझी बायको घेत होती. ती पथकाला भिऊन थांबली नाही, ती मेली. रेघ तिथं तुटली. काळभोरसाहेबांनी धाक म्हणून जे दाखवलं ते तिचं मरण होतं, त्यात त्यांची काही चूक नाही, आलेखावर तसं दिसत नाही.

मग सत्ताधारी बाजूचे एक सदस्य म्हणाले की हे सगळं इतिवृत्तातून वगळावं, प्रमुखांच्या दुःखाचा आदर म्हणून. दोघातिघांनी मान डोलावली.

"वगळू नका," जनार्दनराव म्हणाले. "कलम नऊप्रमाणं घरमालक दोषी. मालक मी आहे. मला माहीत नव्हतं हे मी सिद्ध करू शकत नाही. मुंबईत होतो म्हटलं तर कोण ऐकेल? तुमच्यापैकी कुणी ऐकलं असतं का, मी त्या प्रमुखाच्या खुर्चीत नसतो तर?"

काळभोर उठून उभे राहिले. माणूस वाईट नव्हता. त्यानं अगदी मऊ आवाजात विचारलं की साहेब, पुरवठा कुणी केला, ते मात्र सांगावं लागेल.

"ते सांगणार नाही."

सचिवांनी पुन्हा कुंदाताईंच्या कानाशी येऊन सांगितलं की साक्षीदारानं उत्तर नाकारलं तर तो विशेषाधिकाराचा भंग होतो. कुंदाताईंनी हातानंच त्यांना थांबवलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "नियमाप्रमाणं मला विचारावं लागते. सांगत नाही ना?"

"नाही."

"नोंद घ्या, साक्षीदारानं उत्तर दिलं नाही." मग त्यांनी चष्मा काढला. "आता माझा एक प्रश्न. सुलभावहिनीला त्यानं बरं वाटे का?"

लघुलेखिकेची बोटं थांबली होती. जनार्दनरावांनी दिलेलं उत्तर तिनं उतरवून घेतलं, आणि मग रीतीप्रमाणं साक्षीदाराला बाहेर थांबायला सांगण्यात आलं, कारण समितीची चर्चा साक्षीदारापुढं होत नाही.

ते दाराबाहेरच्या बाकावर बसले. या बाकावर ते कधी बसले नव्हते. आतून इलियासचा चढलेला आवाज आला, मग डॉ. नाबर यांचा. त्यांना या वेळी कुणीतरी विचारलेलं दिसत होतं. शिपायानं चहा आणला. त्यांनी तो निवू दिला.

बऱ्याच वेळानं सचिव बाहेर आले. कलम नऊ एका मताच्या फरकानं गळलं होतं. समितीत याआधी कधी मतदान झाल्याचं त्यांना आठवत नव्हतं. बाकीचा अहवाल जाणार होता, मॉर्फिनच्या परवान्यांचा फेरविचार करावा अशी एक ओळ इलियासनी घालून घेतली होती. प्रमुखपद मात्र जनार्दनरावांना सोडावं लागेल, पक्षाकडून फोन येऊन गेला होता. आणि उत्तर नाकारल्याचं प्रकरण विशेषाधिकार समितीकडे जाईल. काळभोर चौकशी करतील. नंबर आता सीलबंद राहणार असले तरी एका नंबरचं घर सगळ्यांना कळलं होतं.

"चालायचंच," जनार्दनराव म्हणाले.

त्यांनी रेवतीला फोन लावला. जे झालं ते सांगितलं. तुझं नाव घेतलेलं नाही, पण पोलीस येतील, आले तर वकिलाशिवाय बोलू नको, उद्या सकाळी मी येतोय. ती हो हो म्हणत राहिली. मागं वर्गातला गोंगाट ऐकू येत होता. मग दार लावल्यासारखा आवाज आला आणि गोंगाट बंद झाला.

"आणखी काय विचारलं?"

"तिला बरं वाटायचं का, असं विचारलं कुंदाताईंनी."

"काय सांगितलंत?"

"सांगितलं, झोपायची. मी घरी असलो की शांत झोपायची." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला धरला. "मला वाटायचं, मी पाय चेपतो म्हणून झोपते. ते पण सांगितलं."



"मी सहाला द्यायचे, अण्णा," ती म्हणाली. "त्यानं दुखायचं थांबायचं. पण टक्क जागी असायची. तुम्ही येऊन पायाशी बसलात की मग डोळे मिटायची."

ती खरं बोलत होती की त्यांच्यासाठी बोलत होती, ते आवाजावरून कळत नव्हतं. त्यांनी विचारलं नाही.